घोडं सोडलं

ग्रास फोर्क, नेब्रास्का
१० जून १९५८

कॉरीन,

तुझं पत्र मिळालं. ऑक्टोबरात बसमध्ये चढलीस ती आता जूनमध्ये तोंड उघडलंस. ‘लायलला सांगू नका’ असं तीन ठिकाणी लिहिलंयस. एकदा लिहिलं असतं तरी चाललं असतं. मी शाळेत दोन हिवाळेच गेले, तेही बर्फ कमी असेल तेव्हा, पण चुगल्या करायला मी कधीच शिकले नाही.

फोनवर बोलू म्हणतेस. तू ओमाहाच्या टेलिफोन एक्स्चेंजात बसून दिवसभर लोकांच्या तारा जोडतेस, तुला काय, एका तारेवर एक माणूस. इथे एका तारेवर अख्खा रस्ता लटकलाय. माझी घंटा वाजली की शेजारची बर्निस चुलीवरचं दूध उतू जाऊ देते, पण फोन उचलते. तेव्हा पत्रच बरं. ते फक्त पोस्टमन वाचतो, आणि त्याला माझं अक्षर लागत नाही.

आता तुझा प्रश्न. लायल कसा आहे? जिवंत आहे. जेवतो. कुंपणाच्या तारा ओढतो, गवत कापतो, संध्याकाळी ओसरीवर बसून बुटांकडे बघतो. तुझं नाव काढत नाही. मीही काढत नाही. त्याचे आईबाप संत्री वेचायला कॅलिफोर्नियाला गेले आणि तिथलेच झाले, तेव्हापासून तो माझ्या ताटात जेवतोय. मला त्याचं न बोलणं वाचता येतं. तू त्याला म्हणालीस, ‘मी किंवा घोडे.’ त्याला उत्तर सुचलं नाही, आणि तुला वाटलं तेच उत्तर. असेलही. मी मध्ये पडले नाही, आत्ताही पडत नाही.

रोडिओ सुरू झालेत. दर शनिवारी पोरं उधळ्या घोड्यांवर चढतायत. पहिल्या शनिवारी तो एका पिंगट घोड्यावर वेळ संपल्याची शिट्टी होईपर्यंत बसला, आणि शिट्टी झाल्यावर पडला. हे म्हणजे देवळात नीट वागून पायरीवर शिव्या देण्यासारखं.

तू मुद्द्याचं लिही. नुसतं ‘कसा आहे’ विचारायला कोणी तिकीट चिकटवत नाही.

गस्टी रिकर्ट


ओमाहा
१५ जून

प्रिय आजी,

तुम्ही बरोबर ओळखलंत. मुद्दा असा आहे की मला शिकागोला बढती मिळते आहे. तिथल्या मोठ्या एक्स्चेंजमध्ये रात्रपाळीच्या मुलींवर देखरेख. आई खूश आहे. मला महिनाअखेर उत्तर द्यायचंय. एकदा शिकागोला गेले की ग्रास फोर्कची बस माझ्यासाठी संपली, हे मला माहीत आहे. म्हणून जाण्याआधी कळायला हवं की मागे काही उरलंय का. लायलला विचारायचा मला हक्क नाही. तुम्हाला विचारते.

मी हट्टी नाही, आजी. गेल्या सप्टेंबरात रोडिओत मी तुमच्या शेजारी बसले होते, लायलची टोपी माझ्या मांडीवर होती, आणि घोड्यानं पाडलेल्या त्या व्हीलर गावच्या पोराला फळीवर घालून नेलं. तो वाचला, हे तुम्ही मला नंतर सांगितलंत. पण त्या क्षणी तुमच्या हातात कोबी-खिम्याचा पाव होता आणि तुम्ही तो खाली ठेवला नाहीत. सगळा गाव हसत होता, खात होता, पुढच्या घोड्याची वाट बघत होता. मला एकटीलाच ओकारी येत होती. लोकांना तिथे मजा कशी येते? तुम्हाला तर तुमचा नातूच तिथे असतो. तुम्हाला भीती वाटत नाही का?

एवढंच सांगा. आणि तो कसा आहे तेही सांगत राहा.

तुमची,
कॉरीन


ग्रास फोर्क
२३ जून

कॉरीन,

भीतीचं सवडीनं लिहीन, आज नाही. आज अंग मोडून आलंय, कारण शनिवारी मी पोट धरून हसले.

संध्याकाळ छान होती. वारा पडलेला, डास कमी, आणि चर्चच्या बायकांनी यंदा कॉफी पाण्यासारखी केली नव्हती. मी माझी उशी घेऊन तिसऱ्या फळीवर बसले. खाली बसलं की माती तोंडात जाते, वर बसलं की बायकांची बडबड कानात जाते. तिसरी फळी बरी. बर्निस शेजारी होती. पोरींनी झेंडे घेऊन रिंगणाला चकरा मारल्या, एकीचं घोडं मध्येच थांबून मुतलं, राष्ट्रगीत चालू असताना. माइकवरचा व्हर्जिल, जो एरवी गुरांचे लिलाव पुकारतो, तो म्हणाला, “मंडळी, टोप्या काढा, आणि त्याला जरा वेळ द्या.”

मग रानगाय दुहायची शर्यत. एकानं दोर टाकायचा, दुसऱ्यानं शेपटी धरायची, तिसऱ्यानं बाटलीत चार थेंब का होईना दूध काढून पंचांपर्यंत पळायचं. नव्या पाद्रीबुवांनी शेपटी घेतली. लोकांत मिसळायचं होतं त्यांना. गायीनं त्यांना अख्ख्या रिंगणात मिसळलं. बर्निस ओरडली, “सोडा ती, बुवा, शेपटी सोडा.” ते ओरडले, “सोडायची कशी?” पँट मागून बेंबीपर्यंत फाटली. आत लाल चड्डी होती. रविवारी चर्चमध्ये बसायला जागा नव्हती.

लहान पोरांची मेंढीवरची शर्यत झाली. सगळी पडली, एकच रडलं, आणि ते मेंढीवर बसलंच नव्हतं.

माझा भाऊ रुडी, तो मोठ्या मिश्यांचा, त्याला घोड्यानं गुडघ्यावर लाथ मारली. सुरुवातीलाच. सुजून भोपळा झालाय. मी म्हटलं, “साठीनंतर घोड्याच्या मागे उभं राहायचं नसतं.” तो म्हणाला, “पुढेच उभा होतो, तो वळला.” पुरुषांना बोलून उपयोग नसतो.

तीन पाव खाल्ले. रुबार्बच्या आंबट देठांची पाई कोणीतरी साखर न घालता आणली होती. कोणी ते मला माहीत आहे, पण लिहीत नाही, पोस्टमनची सासू आहे ती.

गस्टी

ता.क. लायलचं राहिलंच. त्यानं घोडं सोडलं. हातपाय धड आहेत.


ओमाहा
२६ जून

आजी,

तुमचं पत्र मी कामावर असताना उघडलं. ता.क. वाचलं आणि एका दंतवैद्याला बर्फाच्या कारखान्याशी जोडून दिलं. दोघं बराच वेळ भांडत होते.

तुम्ही असं कसं लिहू शकता? पाद्रीबुवांच्या चड्डीला अर्धं पान आणि याला एक ओळ. त्यानं घोडं सोडलं. मी ती ओळ इतक्या वेळा वाचली की शेजारच्या मुलीनं विचारलं, कोण गेलं?

तुम्ही त्याला काही बोललात का? नसाल बोललात. तो आपणहून सोडणारा माणूस आहे, मी ओळखते त्याला. मला स्वतः कळवायला त्याला जड गेलं असेल. आठ महिने गप्प बसल्यावर ‘तू म्हणालीस तसं केलं’ असं लिहायचं कसं? त्याच्या जागी मी असते तर मलाही जमलं नसतं. म्हणून त्यानं तुमच्या पत्राच्या शेपटाला बांधून पाठवलं असणार.

शिकागोला मी सोमवारी नाही म्हणून सांगणार आहे. आईला अजून बोलले नाही. बारा जुलैला तुमच्याकडे जत्रेचा मोठा रोडिओ असतो ना, त्या शनिवारी मी येते. आता त्या फळ्यांवर बसायला मला काहीच वाटणार नाही. तो माझ्या शेजारी बसेल, आणि आम्ही दोघं मिळून दुसऱ्यांना हसू.

पांढऱ्या सँडल घेतल्या. मातीत जातील, माहीत आहे.

तुमची, खरंच तुमची,
कॉरीन


ग्रास फोर्क
२९ जून, रविवार

कॉरीन,

काल फोनवर तुला किती ऐकू आलं कोण जाणे, म्हणून सगळं परत लिहिते. नीट बसून वाच. कामावर वाचू नकोस.

तुझं पत्र काल दुपारी आलं. सोमवारी तू शिकागोला नाही म्हणणार, आणि इथून पत्र पोचायला मंगळवार उजाडतो. म्हणून हँडल फिरवलं आणि ओमाहा मागितलं. इथल्या तारेचं असं आहे की जितके कान लागतात तितका आवाज बारीक होतो. ओमाहा मागितल्याबरोबर टक टक टक, सगळ्यांनी उचलले. ओमाहाला आमच्याकडून कोणी फोन करतं ते मयतालाच.

“बर्निस, तुझ्या घड्याळातला कोकीळ ऐकू येतोय मला. खाली ठेव,” मी म्हटलं.

“मी नाहीये गं, गस्टी.”

“मग हे कोण बोललं?”

“मला वाटलं माझी घंटा.”

“घंटा वाजलीच नाही, मी फोन केलाय.”

तेवढ्यात तू आलीस. मी म्हटलं, कॉरीन, त्यानं सोडलेलं नाही. तू म्हणालीस, काय? मी म्हटलं, घोडं. तू म्हणालीस, काय घोडं? मध्येच तिसरीच कोणी म्हणाली, “जोरात बोल गस्टी, तिला ऐकू येत नाहीये.” मी म्हटलं, तुम्ही सगळ्या मेल्या फोन ठेवाल तर येईल. शेवटी मी ओरडले, “घोडे सोडलेले नाहीत त्यानं, अजून बसतोय.” मग तू गप्प झालीस. गप्प झालीस तेव्हा कळलं की ऐकू आलं.

तू ठेवलास, तरी बाकीच्या होत्याच. बर्निस म्हणाली, “कशाला सांगितलंस? येऊ द्यायचं होतं. एकदा आली की कळलंच असतं.” बाकीच्या म्हणाल्या, खरं आहे.

लपवत नाही, मलाही तसं वाटलं होतं. तुझं पत्र वाचल्यावर पाई भाजून होईपर्यंत मी तेच घोळवत बसले. पोरगी येईल, तो समोर दिसेल, पुढचं पुढे. मला तू या घरात हवी आहेस. तू भांडी नीट विसळतेस आणि उलट उत्तर देतेस. पण फसवून आत घेतलेलं जनावर कुंपण मोडतं, आणि मोडताना स्वतःचीच छाती फाडून घेतं. म्हणून फोन केला.

आता ऐक. चूक माझी आहे, इथल्या बोलण्याची आहे. इथे कोणीही ‘घोडं सोडलं’ म्हटलं की एकच अर्थ. शनिवारी सकाळी टोपीत चिठ्ठ्या घालतात, ज्याच्या नावावर जे घोडं येईल त्यावर त्यानं रात्री बसायचं. काही कारणानं बसायचं नसेल तर सांगायचं, ‘माझं सोडा.’ मग फाटक उघडून ते घोडं रिकामंच रिंगणातून सोडून देतात. एवढंच. त्या एका रात्रीपुरतं, त्या एका घोड्यापुरतं. मी जन्मापासून हेच ऐकतेय, मला दुसरा अर्थ सुचलाच नाही. तुला दुसरा सुचला, कारण तुला तो हवा होता.

का सोडलं तेही सांगते. रिंगणात दोन स्वार नुसते उभे असतात, तू बघितलेत. शिट्टी झाली की दोन्ही बाजूंनी घोडी घालतात, आणि वर बसलेला त्यांच्या कमरेला मिठी मारून उतरतो. ते नसतील तर उतरायला एकच वाट, खाली. रुडी त्यातला एक. त्या दिवशी सुरुवातीलाच त्याचा गुडघा गेला. उरला एक. एकावर कोणी रोडिओ चालवत नाही. व्हर्जिल माइकवरून विचारत होता, कोणी आहे का, कोणी आहे का. लायलच्या नावावर त्या रात्री ‘सासू’ निघाली होती. सासू ही इथली सगळ्यात नावाजलेली घोडी. सरळ उडते, उंच उडते, कपट नाही, तिच्यावर जो टिकला त्याला पंच गुण देतात. पोरं वर्षभर देवाला म्हणतात, यंदा सासू मिळू दे. लग्नातही कोणी असं म्हणत नसेल. लायल फळ्यांवर चढून तिच्याकडे जरा वेळ बघत बसला. मग खाली उतरून म्हणाला, “माझं सोडा,” आणि रुडीच्या घोड्यावर जाऊन बसला. रात्रभर दुसऱ्यांना उतरवून घेत होता. एकालाही पडू दिलं नाही.

मला त्यात लिहिण्यासारखं काही वाटलं नाही. रुडीचा गुडघा गेला, तर कोणीतरी जाणारच. म्हणून एक ओळ.

काल तो परत बसला. एका काळ्या घोड्यावर. टिकला नाही. कोपर सोलवटलंय.

आता भीतीचं. तू विचारलंस, मला मजा कशी येते. माझा नवरा कॉनराड बसायचा, माझा मुलगा बसायचा, आता हा. लग्न झालं त्या उन्हाळ्यात मी तुझ्यासारखीच ओकत होते. मग एका म्हातारीनं मला सांगितलं, ‘माणसाकडे बघू नकोस, घोड्याकडे बघ.’ तेव्हापासून मी घोड्याकडेच बघते. कान बघते. कान मागे गेले की कळतं आता काय करणार. पाठ बघते, ती कमान होते. मागचे खूर बघते. घोडं काय सुंदर दिसतं, तुला कल्पना नाही. वर कोणी आहे हे मी बघतच नाही. शिट्टी झाली की बघते, कोण कुठे आहे. असं केलं की पाव गोड लागतो.

जत्रेला यायचं तर ये. पण तो घोडे सोडेल म्हणून येऊ नकोस. आलीस तर माझ्या शेजारी बस आणि सांगितलं तसं बघ.

गस्टी रिकर्ट

सँडल परत करता येत असतील तर कर.


(पोस्टकार्ड)
ओमाहा, ३ जुलै

आजी, पत्र मिळालं. शिकागोकडून पंधरापर्यंत मुदत मागून घेतली आहे. जत्रेला मी येणार नाही. — कॉरीन


ओमाहा
१४ जुलै

प्रिय आजी,

मी आले होते.

तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुमच्या शेजारी बसले असते तर तुमच्या डोळ्यांनी बघितलं असतं. आईला सांगितलं की लिंकनला मावशीकडे जाते. ग्रास फोर्कला उतरले, डोक्याला रुमाल बांधला आणि पलीकडच्या बाजूला, जिथे दुसऱ्या परगण्याचे लोक बसतात, तिथे जाऊन बसले. समोर तिसऱ्या फळीवर तुम्ही होता. उशी दिसली, मग टोपी दिसली, मग पाव.

माझ्या शेजारी एक जाड बाई होती, कडेवर एक, पायाशी दोन. तिनं मला तिच्या बरणीतलं लिंबाचं सरबत दिलं.

“तुमचं कोणी आहे का आज?” तिनं विचारलं.

“नाही.”

“मग मजा आहे तुमची,” ती म्हणाली. “माझा दीर आहे. पण तो मला आवडत नाही, म्हणून माझीही मजाच आहे.”

आणि आजी, मजा आली. खोटं सांगणार नाही. ऊन उतरलं, दिवे लागले, सगळी धूळ सोन्यासारखी झाली. विदूषकानं पिंपात शिरून बैलाला टोपी दाखवली तेव्हा मी त्या बाईचा हात धरून हसले. तिचं मधलं पोर माझ्या मांडीवर झोपलं. गेल्या वर्षी याच रिंगणापाशी मला बसवत नव्हतं, यावर माझा विश्वास बसेना.

मग उधळे घोडे आले. मी तुम्ही सांगितलं तसं केलं. पहिल्या दोघांना जमलं नाही, माझी नजर वर जायची. तिसऱ्यापासून जमलं. कान, पाठ, खूर. तुम्ही म्हणता ते खरं आहे, कोणी मला आधी का नाही सांगितलं? एक बदामी घोडी होती, पुढचे दोन्ही पाय पांढरे, ‘पोस्टमास्तर’ म्हणून पुकारली. फाटक उघडलं तशी ती नुसती वर गेली. ती जमिनीवर येईपर्यंत माझी पापणी लवली नाही. ती वळली, परत उडाली, पाठीची कमान झाली, मग एकदम मोकळी होऊन रिंगणभर पळत सुटली, मान वर करून. मी उभी राहून टाळ्या वाजवत होते. मांडीवरचं पोर जागं झालं.

तेव्हा शेजारची बाई हळूच म्हणाली, “ऊठ रे बाळा, ऊठ.”

मी म्हटलं, कोण? आणि तिच्या नजरेमागे बघितलं. मातीत लायल होता. गुडघ्यांवर, हात टेकून, डोकं खाली. व्हर्जिलनं नाव पुकारलं असणार, मी ऐकलंच नव्हतं. घोडी मोकळी का झाली हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तो मातीत होता आणि मी उभी राहून टाळ्या वाजवत होते.

तो उठला. टोपी झटकली. लंगडत कडेला गेला.

नंतर मी गोठ्याच्या फाटकापाशी जाऊन उभी राहिले. तो खोगीर खांद्यावर टाकून आला. मला बघून थांबला.

“बस कधी आली?” तो म्हणाला. नऊ महिन्यांनी पहिला शब्द.

“संध्याकाळी.”

“बघितलंस?”

“घोडी बघितली.”

त्याचा चेहरा असा उजळला की मला रडू आलं असतं. “काय उडाली ना? पाय बघितलेस पुढचे?”

“बघितले.”

“मला तर कळलंच नाही कधी खाली आलो.”

“मलाही नाही,” मी म्हटलं. त्याला वाटलं मी चेष्टा केली. हसला.

आम्ही गवताच्या गाडीवर बसलो. मी शिकागोचं सांगितलं. त्यानं खोगिराचा पट्टा एक भोक आवळला, परत सैल केला. म्हणाला, “मी सोडतो म्हटलं तर?” मी म्हटलं, नको. त्या दिवशी तू सासू सोडलीस ती कोणी सांगितलं म्हणून नाही सोडलीस. माझ्या सांगण्यावरून सोडशील तर रोज सकाळी माझ्याकडे असा बघशील, जसा त्या फळीवरून तिच्याकडे बघत होतास. तो म्हणाला, हे तुला कोणी सांगितलं? मी तुमचं नाव घेतलं नाही. पण त्याला कळलं असेल.

सकाळच्या बसनं मी परत आले. आज शिकागोला होकार कळवला.

आजी, तुमची युक्ती खरी आहे, चालते. म्हणूनच मला ती नको. जमली नसती तर मी म्हटलं असतं, मी भित्री आहे, शिकेन. पण एका संध्याकाळीच जमली. ज्याच्यापाशी राहायचं त्याच्याकडे न बघायला शिकायचं, आणि तेही इतक्या लवकर शिकता येतं, याची मला भीती वाटते. त्याला मी ‘सोड’ म्हणणार नाही. आणि न बघता तिथे बसणारही नाही.

रागावू नका. पत्ता खाली देते आहे. त्याला द्यायचा की नाही ते तुम्ही ठरवा.

तुमची,
कॉरीन


ग्रास फोर्क
२१ जुलै

कॉरीन,

मी रागावलेली नाही. रागावले असते तर पोस्टकार्ड पाठवलं असतं.

तू आली होतीस हे लायलनं मला सांगितलं नाही. पण रविवारी त्यानं खोगीर तेल लावून पुसलं, आणि दुपारी परत पुसलं, तेव्हाच मला संशय आला. रुमाल बांधलेली बाई मी बघितली होती. म्हटलं, कोण ही, चर्चची नाही, आणि इतक्या टाळ्या वाजवतेय.

तुझं पत्र वाचून मला तुझा राग यायला हवा होता. माझ्या सगळ्या आयुष्याची सोय तू एका ओळीत मोडीत काढलीस. चिडून शनिवारी मी म्हटलं, बघते तर, काय असं मोठं बघायचं असतं माणसाकडे. पाव घेतला, उशी घेतली, तिसरी फळी. लायलच्या नावावर परत तो काळा निघाला होता. फाटकामागे तो खोगिरात उतरला, आणि मी घोड्याकडे नाही बघितलं. त्याच्याकडे बघितलं.

तुला सांगते ते कोणाला सांगू नकोस. त्याचे ओठ हलत होते. घोड्याशी बोलतोय वाटलं. नव्हता. नुसते हलत होते, थंडीत हलतात तसे. चेहरा पिठासारखा. मला वाटायचं याला भीती वाटतच नाही. कॉनराडचंही मला तेच वाटायचं, आणि मुलाचंही. मी तसं सगळ्यांना सांगतही आले, आमच्या घरातल्या पुरुषांना भीती नसते. मला काय माहीत, मी कान बघत होते.

त्यानं मान हलवली, फाटक उघडलं. शिट्टीपर्यंत बसला. रुडी अजून लंगडतोय पण घोड्यावर येतो, त्यानं उतरवून घेतला. लायल टोपी उचलून हसला, मग तोच नेहमीचा लायल. माझ्या हातातला पाव तसाच होता. बर्निस म्हणाली, “खात का नाहीस? मीठ जास्त झालंय का?” मी म्हटलं, हो. ती दुखावली, तिनंच केले होते.

मजा काही आली नाही. तू जा शिकागोला. तिथे रात्रपाळीला पोरींना चहा प्यायला देत जा, पेंगणारी पोरगी चुकीच्या तारा जोडते, हे तुला माहीतच आहे. तुझा पत्ता मी त्याच्या टेबलावर दिव्याखाली ठेवला. त्यानं काल तो उचललेला दिसला. तो लिहील की नाही, काय लिहील, ते त्याचं त्यानं बघावं. त्याचं अक्षर माझ्याहून वाईट आहे, तेव्हा धीर धर. यापुढे त्याच्याबद्दल मला विचारायचं नाही. त्यालाच विचार. मला लिहायचं असेल तर माझी गुडघेदुखी विचार, कोंबड्या विचार.

मी त्याला शनिवारचं काही बोलले नाही. बोलून काय करायचं? सकाळी नाश्त्याला दोन अंडी जास्त घातली.

तो म्हणाला, “हे कशाबद्दल?”

मी म्हटलं, “कोंबड्या जास्त घालतायत.”

गस्टी